पहिलं नाव मार खाणाऱ्याचं

आमच्या गावात पूर्वी भांडण तोंडानं कमी आणि हातानं जास्त व्हायचं. मी पाच-सहा वर्षांचा असेन, तेव्हा दोन सख्खे भाऊ विहिरीच्या काठावर एकमेकांचे कान चावताना मी पाहिलेत. एकाच्या कानाचा तुकडा खाली पडला, तो कोंबडीनं उचलला आणि ती पळाली. बायको कोंबडीमागे आणि नवरा भावामागे. हसू नका. तो माणूस मरेपर्यंत कानाला फडकं बांधून हिंडला.

गाव आमचं वैशाखऱ्याच्या पुढं, घाटाच्या रस्त्यापासून आत. पोलीस मुरबाडला. एसटीनं जाऊन तक्रार द्यायची, पोलीस यायचे, तोवर रक्त वाळून काळं पडायचं. म्हणून आमचे पाच पंच होते. भांडण झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी गावदेवीच्या पारावर बसायचे. ज्यानं मार खाल्ला त्याला आधी बसवायचे, पाणी आधी त्याला, चहा आधी त्याला. ज्यानं मारलं तो उभा. मग वहीत लिहायचं. पहिलं नाव मार खाणाऱ्याचं, त्याच्यामागून मारणाऱ्याचं. पुढं कारण, एकाच शब्दात. पाणी. बांध. बैल. सोयरीक. शेवटी 'मिटलं'. खाली दोघांचे अंगठे. कोणी मारलं, कशानं मारलं, किती लागलं, यातलं एक अक्षर लिहायचं नाही. कोणाचं नाव आधी, एवढ्यात सगळं आलं. आणि एकदा मिटलं म्हणजे ते भांडण गावात कोणी उच्चारायचं नाही. जो उच्चारील त्याच्या शेतावर त्या साली लावणीला कोणी पाय ठेवायचा नाही.

लिहिणारा माझा बाप. त्याच्यामागून मी. माझी शाळा चौथीपर्यंत. गुरुजींनी छडीनं पोटऱ्या फोडल्या, मी ती छडी हिसकून त्यांच्यासमोर मोडली आणि घरी आलो. परत गेलो नाही. पण बापाचं अक्षर मला वाचता यायचं आणि तसं लिहिताही यायचं, तेवढ्यावर गावानं मला वही दिली. पुढं निवडणुका आल्या, पक्ष आले, लोक पोलिसात जायला लागले. पार रिकामा झाला. पंच एकेक करून गेले. तीन वह्या पत्र्याच्या पेटीत माझ्याकडे राहिल्या.

मुलगा म्हणायचा, बाबा, रद्दीत टाका. मी म्हणायचो, आधी मला टाक.

दोन वर्षांमागं एक बाई स्कूटीवरून आल्या. राहायला शहापूरच्या, आमच्या बाजूच्या एका कॉलेजात ग्रंथालय सांभाळतात. त्या जुने कागद गोळा करत होत्या. लग्नपत्रिका, सातबारे, भजनाच्या वह्या, काहीही. मी वह्या काढल्या तर बाई जमिनीवरच बसल्या. म्हणाल्या, "काका, हा केवढा मोठा दस्तऐवज आहे." आजवर मला कोणी असं म्हणालं नव्हतं. एका वहीला खालून वाळवी लागली होती, ते बघून त्यांना रडू यायचं बाकी होतं.

त्यांनी समजावलं ते मला पटकन कळलं. कॉलेजच्या मोठ्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर टाकलंय, फुकट मिळतं, जगभर वापरतात. त्यात कागदाचा फोटो ठेवायचा आणि फोटोसोबत त्याची माहिती. आधी गाव, गावात संग्रह, संग्रहात एकेक पान. म्हणजे घर, घरात पेटी, पेटीत वही. त्यात काय एवढं? मी म्हटलं, "करा सुरू."

दर शनिवारी त्या यायच्या. माझ्या ओटीवर लॅपटॉप, बाजूला पान दाबून फोटो काढायचं यंत्र. मी पान उलटायचो, नावं वाचायचो, त्या टाइप करायच्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "काका, सॉफ्टवेअरच्या चौकटी असतात त्या आपल्याला पुऱ्या पडत नाहीत. शीर्षक, लिहिणारा, दिनांक, विषय, एवढ्याच. नावांसाठी मी दोन चौकटी वाढवल्यात. बघा बरं, ठीक आहे का?"

मी बघितलं. मला पांढरं दिसलं आणि पांढऱ्यात मुंग्या दिसल्या. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत, आणि तसंही छापलेलं बारीक मला कधी धड वाचता आलं नाही. वहीतलं मोठं अक्षर ओळखीचं, तेवढं जमायचं. मी म्हटलं, "ठीक हाय."

त्यांनी मला तपासणारा केलं होतं. माझं खातं, माझा पासवर्ड. पान भरून झालं की ते माझ्याकडे यायचं आणि मी 'मंजूर'वर बोट दाबल्याशिवाय ते पुढं जायचं नाही. बटण हिरवं होतं, तेवढं मला दिसायचं. दाबलं की पानाला नंबर मिळायचा. बाई म्हणाल्या, "हा नंबर आता कधीच बदलणार नाही, काका. पान काढून टाकलंत तरी नंबराच्या जागी 'काढलं' अशी पाटी राहील." मला ते फार आवडलं. माणसांपेक्षा बरं.

"सगळ्यांना दिसू दे की फक्त कॉलेजात?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांना. झाकून ठेवायचं तर पेटी काय वाईट होती?"

खरं सांगायचं तर मला माझं नाव तिथं हवं होतं. 'संग्रह अमक्याचा' असं त्या लिहिणार होत्या. मेलेल्या माणसांची भांडणं, आता कोणाला काय लागणार, असं मी मनाशी म्हटलं.

दुसऱ्या वहीत माझं पान आलं. पहिलं नाव माझ्या सोबत्याचं, मग माझं. कारण 'कवळ'. मिटलं.

बाई थांबल्या. "काका, हे तुम्हीच ना? काय झालं होतं?"

"मिटलंय."

त्यांनी पुढं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळी चूक तिथंच ओटीवर पकडली गेली असती.

काय झालं होतं ते आता लिहितो. भाताच्या रोपासाठी राब भाजायला झाडाच्या फांद्या तोडून त्यांचे भारे बांधतात, त्याला आम्ही कवळ म्हणतो. रानातली झाडं घराघरांत वाटलेली असतात. माझ्या सोबत्याच्या वाटणीचं एक ऐनाचं झाड होतं, भरलेलं, आणि माझ्या वाटणीचं एक झाड वठलं होतं. आम्ही एका दिवसाच्या अंतरानं जन्मलेले, एकत्र गुरं राखलेली. मी त्याला न विचारता त्या ऐनावर चढलो. तो खाली आला आणि म्हणाला, "उतर रे. झाड माझा हाय." मी म्हटलं, "तुझ्या बापानं लावला काय?" तो म्हणाला, "तुझ्या बापाला विचार. वाटणीच्या कागदावर त्याचाच अक्षर हाय." बापाचं नाव निघालं आणि माझं डोकं फिरलं. मी उतरलो. त्याच्या हातात काही नव्हतं. मी कुऱ्हाड उलटी केली आणि तुंब्यानं, मागच्या बोथट बाजूनं, त्याच्या उजव्या गुडघ्यावर मारलं. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. तो खाली बसला, ओरडलाही नाही. माझ्याकडे बघत होता. त्या बघण्यामुळे मी दुसरा घाव घातला, त्याच जागी. मग तो ओरडला. तिसरा घालणार होतो तर त्यानं माझा पाय दातांत धरला. वाटणीच्या त्या झाडाखाली आम्ही दोघं कुत्र्यासारखे लोळलो. त्याच्या पायातून हाड बाहेर आलेलं मी पाहिलं आणि त्याला तिथं टाकून कवळाचा भारा घेऊन घरी गेलो. भारा सोडला नाही. असा मी.

पंचांनी मिटवलं. तो लंगडा झाला. घरात त्यानं 'झाडावरनं पडलो' असं सांगितलं, पोरांना, नातवंडांना, सगळ्यांना. गावातली नवी माणसं तेच मानत होती. आम्ही बोलायचो. पाऊस, भात, एसटी. बाकी नाही.

वह्या संपल्या आणि बाईंनी ते सगळं लोकांसाठी उघडलं. पहिले चार दिवस मजेचे गेले. ज्याच्या त्याच्या फोनवर आजोबा. पारावर पोरं ओरडायची, "अरे, आमचा म्हातारा मारणारा निघाला! घरात तर आजीला टरकायचा!" माझ्या सोबत्याचा नातू पोलीस भरतीसाठी रोज पळतो. तो छाती काढून चालायला लागला. "आजा लंगडा हाय, पण एके काळी डेंजर होता," असं तो जीपवाल्यांना सांगत होता. मला ऐकू आलं, पण मी समजून घेतलं नाही. पोरं काय, काहीही बोलतात.

पाचव्या दिवशी मुरबाडच्या स्टँडवर रक्त सांडलं.

वहीत 'बैल' म्हणून एक पान आहे. खालच्या आळीतल्या एकाला वरच्या आळीतल्या एकानं बैल शेतात घुसला म्हणून मारलं होतं, जोखडानं, बरगड्यांत. ते पान माझ्या बापानं लिहिलं आणि भात कापायच्या आत तो खालच्या आळीतला माणूस रक्त ओकून मेला. गावानं शब्द काढला नाही, पण त्याच्या घरात ते चुलीजवळ बोललं जायचं. आणि आता त्या मेलेल्याचा नातू, जीप चालवतो तो, स्टँडवर चहा पीत असताना वरच्या आळीतला पोरगा त्याला म्हणाला, "तुमचा घराणाच मारकुटा. आमच्या आज्याला पण मारलान तुमच्या आज्यानं. बघ, फोनवर हाय."

जीपवाल्यानं ग्लास खाली ठेवला, गाडीतून चाक खोलायचा पाना काढला आणि त्याच्या डोक्यात घातला. लोक सांगतात, पहिल्या घावाला तो पोरगा हसतच होता, त्याला कळलंच नाही. दुसऱ्या घावाला खाली गेला. कपाळापासून कानापर्यंत डोकं उघडलं. त्याला कल्याणला नेला, जीपवाल्याला पोलिसांनी नेला.

त्याच दुपारी जीपवाल्याचा बाप माझ्या ओटीवर आला. साठीचा माणूस, एरवी मला वाकून रामराम करणारा. मागं चार जण. मी सुपारी कातरत होतो.

"म्हाताऱ्या, काय लिवलंस?"

"जे वहीत हाय ते."

"माझ्या बापाला मारणारा केलास? रक्त ओकत मेला तो! मी तसराळं धरून बसायचो त्याच्या तोंडाशी!"

त्यानं माझी मान धरली आणि डोकं खांबावर आपटलं. एकदा, दोनदा. मी अडकित्ता सोडला नव्हता, तो त्याच्या दंडात घातला. त्यानं पेटी उचलली आणि माझ्या अंगावर फेकली. सून आतून मुसळ घेऊन आली आणि तिनं एकाच्या पाठीत असं हाणलं की तो अंगणात जाऊन पडला. "हात लावा! हात तर लावा म्हाताऱ्याला!" असं ती किंचाळत होती. मग जीपवाल्याचा बाप एकदम ओटीवर बसला आणि हंबरडा फोडून रडायला लागला. त्याच्या दंडातून रक्त, माझ्या डोक्यातून रक्त, आणि मधे वह्या.

रडता रडता त्यानं फोन माझ्यासमोर धरला. मी सुनेला म्हटलं, "वाच." आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं.

तिनं वाचलं. "मारणारा म्हणून याचा आजा... नाय, याचा बाप. मार खाणारा म्हणून वरच्या आळीतला."

"आणि माझा पान? शोध."

तिनं शोधलं. माझ्याकडे न बघता वाचलं. "मारणारा तुमचा सोबती. मार खाणारे तुमी. बाबा, तुमाला मारलेला त्यानं?"

डोकं खांबावर आपटल्यानं झालं नाही तेवढं मला या वाक्यानं झालं. मार खाणारा! मी! राग पहिला त्याचाच आला, हे लपवत नाही. मेलेल्याला मारणारा केलं, त्याचा नंतर आला.

दुसऱ्या दिवशी डोक्याला पट्टी बांधून कॉलेजात गेलो. बाईंना सगळं सांगितलं, पहिलं नाव कोणाचं ते. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"काका, वर्तमानपत्रात मारणाऱ्याचं नाव आधी येतं. मला वाटलं तसंच. तुम्ही पहिलं नाव वाचायचात, मी पहिल्या चौकटीत टाकायची. पण चौकटींवर लिहिलेलं होतं. तुम्ही प्रत्येक पान मंजूर केलंत."

"मला वाचता येत नाय."

"काय?"

"तुमचा पडदा. मला नाय दिसत, नाय वाचता येत. मी हिरवा बघून दाबलं."

बाईंनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाल्या, "माझीही चूक आहे. मी क्रम विचारायला हवा होता." मी म्हटलं, "चुका वाटून घ्यायला आलो नाय. फिरवता येतं काय?"

येत होतं. सगळी माहिती एका तक्त्यात बाहेर काढायची, दोन रकाने अदलाबदल करायचे आणि परत आत घालायचं. अर्ध्या दिवसाचं काम. नंबर तेच राहणार, जुनं कसं होतं तेही राहणार आणि वर कारण लिहावं लागणार. तिथं त्या अडल्या. "कारण म्हणून काय लिहू? पहिलं नाव मार खाणाऱ्याचं, याला पुरावा काय? वहीत तर कुठंच नाही."

पुरावा मी. पाचही पंच मेले, बाप मेला. आणि माझ्या डोक्याला पट्टी, खालच्या आळीनं फोडलं म्हणून. वरची आळी काय म्हणणार? म्हातारा मार खाऊन फिरला. त्यांचा पोरगा कल्याणला शुद्धीवर नाही आणि त्याच्याच आजोबाला मी खुनी करायला निघालोय. त्यांनी घराघरातून दांडे काढले होते. जीपवाल्याचा धाकटा भाऊ घरात कडी लावून बसला होता. तो बाहेर दिसला की संपला, हे शाळेतल्या मुलांनाही माहीत होतं.

बाई हळूच म्हणाल्या, "तुमचं पान सोडायचं का, काका? तेवढं एक वेगळं ठेवता येईल."

मी म्हटलं, "पुरावा तिथंच हाय."

तो पुरावा म्हणजे माझ्या सोबत्याचा गुडघा. त्याचं नाव पहिलं आणि मार त्यानं खाल्ला. त्यानं पारावर येऊन एवढं म्हटलं की झालं. मार खाल्ला असं खोटं कोण सांगेल? त्यातून त्याला तर फोनवर मारणारा केलेला, नातू छाती काढून फिरतोय. असं सोडून कोण स्वतःला खाली आणेल?

त्याच्याकडे जायचं म्हणजे विचारायचं. पन्नास वर्षांत मी त्याच्याकडे काडीपेटी मागितली नव्हती.

तो मागच्या अंगणात कोयत्यानं बांबू चिरून चोये काढत बसला होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यानं मान वर केली नाही.

"राहू दे की," तो म्हणाला.

"काय राहू दे?"

"हाय तसा. पन्नास वर्षं लंगडा म्हणून जगलो. पाच-सहा दिवस झाले, नातू माझ्याकडं बघतोय. सकाळी पाणी तापवून देतो मला. तुझा काय जातोय?"

"तो पोरगा मरेल. जीपवाल्याचा भाऊ."

"मरू दे."

मी तिथंच उभा राहिलो. शेवटी म्हटलं, "झाड तुझा होता."

तेव्हा त्यानं मान वर केली. "काय बोललास?"

"ऐन तुझा होता. मला म्हायती होता चढताना."

कोयता त्याच्या हातात होता. तो त्यानं बाजूला ठेवला, विचार करून ठेवला, मला दिसलं. चालायची काठी घेतली आणि उठला.

"ये पुढं. आधी एक खा. मग येतो."

"मार."

"नीट उभा राहा. मी पण उभाच होतो."

त्यानं दोन्ही हातांनी मारलं. काठी खांद्याच्या आणि मानेच्या मधोमध बसली. हाड तुटलेलं आधी ऐकू आलं, मग कळलं. मी भिंतीला धरलं. त्यानं काठी परत उचलली, मी डोळे मिटले नाहीत, पण दुसरा घाव आलाच नाही. बघितलं तर तो धापा टाकत होता, चांगल्या पायावर तोल सांभाळत.

"काय रे, झाला?" मी म्हटलं.

"थूत. पन्नास वर्षं वाटायचा, मजा येईल." तो थुंकला. "काय नाय मजा. चल."

पारावर दोन्ही आळ्या जमल्या होत्या, मधे रस्त्याएवढी जागा सोडून. वरच्या आळीतल्या म्हाताऱ्यानं, ज्याचा बाप बैलाच्या पानावर होता, खांद्यावर दांडा तसाच ठेवला होता. मी बोललो. कोणी ऐकलं नाही. "खालच्या आळीनं फोडला याला, म्हणून बोलतोय!" असं मागून ओरडले. कोणी ढेकूळ मारलं, ते माझ्या तोंडावर फुटलं.

मग माझा सोबती पुढं गेला आणि धोतर मांडीपर्यंत वर घेतलं. गुडघ्याची वाटी बाजूला सरकलेली, मधे खळगा, त्यात माझ्या तुंब्याची कड अजून उमटलेली.

"झाडावरनं पडलो नाय," तो म्हणाला. "यानं मारला. कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, दोनदा. माझ्या हातात काय नव्हता. वहीत माझा नाव पहिला हाय. ज्याचा नाव पहिला, त्यानं मार खाल्ला. मला पाणी पहिला दिलेला, हितंच, या दगडावर."

मग त्याचा नातू, भरतीवाला, गर्दीतून सुटला आणि मला लाथ घातली. बरगडीत. मी पडलो, मोडलेल्या खांद्यावरच पडलो. दुसरी लाथ पोटात. तिसऱ्याला आजानं काठी त्याच्या नडगीवर हाणली.

"माझा मिटलाय! तू कोण?"

"आजा, तुमी खोटं बोललात आमाला! झाडावरनं पडलो म्हणून!"

"होय, बोललो. जा, पळ जा. भरतीला पळतोस ना, पळ."

पोरगा खरंच गेला. डोळे पुसत गेला. त्याच्या जाण्याकडे माझा सोबती जसा बघत होता, तसं मी ऐनाखालीसुद्धा त्याला बघताना पाहिलं नव्हतं. गुडघा परवडला, असं त्याचं तोंड झालं होतं.

वरच्या आळीतला म्हातारा पुढं आला. त्यानं त्या गुडघ्याकडे पाहिलं, वाकून पाहिलं. "म्हणजे माझ्या बापानं..." एवढंच म्हणाला. त्यानं दांडा खांद्यावरून उतरवला आणि माफी वगैरे न मागता घराकडे चालायला लागला. त्याच्यामागे एकेक जण. खालच्या आळीत जीपवाल्याच्या बापानं डोकं खाली घातलं होतं. त्या दिवशी कोणी मेलं नाही. कल्याणचा पोरगा पुढं शुद्धीवर आला, एका कानानं ऐकू येत नाही. जीपवाल्यावर केस चालू आहे, ती चालेल.

बाईंनी रकाने फिरवले. आता त्या प्रत्येक पान मोठ्यानं वाचून दाखवतात, सून बाजूला बसून ऐकते, मग मी दाबतो. घाई नाही. काही घरांनी आपली पानं काढायला लावली, तिथं 'काढलं' अशी पाटी आहे. माझं पान काढलं नाही. खाली माहितीची चौकट असते, त्यात मी सांगितलं तसं बाईंनी लिहिलं: मारणारा मी. झाड त्याचं होतं. त्याच्या हातात काही नव्हतं. मला माहीत होतं.

नात कल्याणला शिकते. तिनं ते तिथं वाचलं. या सुट्टीत आली तेव्हा माझ्या पाया पडली नाही. आईशी बोलली, मांजराशी बोलली.

सोबत्याचा नातू त्याच्याशी बोलत नाही. पाणी तापवत नाही. म्हणून सकाळी मी जातो आणि चुलीवर भांडं ठेवतो. त्याला ते आवडत नाही, मला शिव्या देतो, माझ्या बापालाही देतो. मी पाणी तापेपर्यंत बसतो. खांद्याचं हाड वाकडं जुळलंय, भांडं उतरवताना हात वर जात नाही. परवा तो विचारत होता, "दुखतंय काय रे?"

दुखतंय, म्हटलं.